जपानमधल्या हायस्कूल एक्स्चेंजचा रिव्ह्यू: शाळा झकास, पण आधी तिथली लोकल टीम बघा

दहावीनंतर पोराला एक्स्चेंजला पाठवू का, आणि त्यातही जपानला पाठवू का, असं मला इतके जण विचारतात की शेवटी सगळं एका जागी लिहून टाकतेय. मी पुण्याची, दहावीचा निकाल लागल्यावर ऑगस्टमध्ये जपानमधल्या ओकायामा शहरात गेले आणि पुढच्या जूनपर्यंत तिथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये शिकले. आता कॉलेजला आहे, म्हणजे मध्ये थोडा वेळ गेलाय, त्यामुळे तेव्हाचा आनंद आणि तेव्हाची चिडचिड दोन्ही जरा निवळलंय आणि नीट सांगता येईल असं वाटतं.

मी कुठल्या संस्थेतर्फे गेले ते नाव लिहीत नाहीये. कारण अगदी साधं आहे, या सगळ्या संस्थांचं काम गावोगावचे व्हॉलंटियर करतात, एकाच संस्थेचा एका गावातला अनुभव फर्स्ट क्लास आणि शेजारच्या गावातला एकदम बेकार असू शकतो, मग नावाला शिव्या घालून किंवा नावाची आरती करून तुम्हाला काय कळणार. माझं मुख्य म्हणणंच ते आहे. लोक देश बघतात, शहर बघतात, ब्रोशरमधले चेरीच्या फुलांचे फोटो बघतात. बघायचं असतं ते हे की रात्री नऊ वाजता तुमची मुलगी रडत असेल तर तिथे फोन कोण उचलणार आहे.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडून शाळकरी मुलं जायचे मोठे रस्ते म्हणजे रोटरीचं युथ एक्स्चेंज आणि एएफएस. रोटरीत साधारण १५ ते साडेअठरा वयाची मुलं घेतात, वर्षभरात सहसा एकापेक्षा जास्त होस्ट फॅमिली, म्हणजे मुलाला आपल्या घरी ठेवून घेणारी तिथली कुटुंबं, बदलतात आणि तिथला क्लब दर महिन्याला थोडा हातखर्च देतो. त्यांचे चार नियम कडक आहेत, दारू नाही, ड्रग्ज नाही, गाडी चालवणं नाही आणि डेटिंग नाही. रोटरीची मुलं लांबून ओळखू येतात, त्यांच्या ब्लेझरवर जगभरच्या मुलांशी अदलाबदल केलेल्या पिना आणि बिल्ले असतात, कॅम्पला भेटलेल्या एका ब्राझीलच्या मुलाचा ब्लेझर इतका जड झाला होता की तो हँगरवरून घसरायचा. एएफएसची गोष्ट वेगळी, ती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना अँब्युलन्समधून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची संघटना, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण त्यांनी १९४७ पासून सुरू केली. जपान सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशातून आशियातल्या हायस्कूलच्या मुलांना बोलवायचा काकेहाशी प्रोजेक्ट २०१८ मध्ये सुरू झाला, तोही एएफएसच चालवायचं, स्कॉलरशिप असल्यामुळे घरची ऐपत नसलेली मुलंही त्यातून जाऊन आली. फुल स्कॉलरशिप ही भानगड दरवर्षी बदलते, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, थेट विचारा.

ओकायामा हे नाव पुण्याच्या लोकांना ऐकून माहीत असतं. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग आहे ना, ती ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे, म्हणून तर तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात. मूळची कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली, नदीच्या एका अंगाला बाग आणि समोर काळा किल्ला, आणि बागेत चक्क भाताचं छोटंसं शेत आणि चहाची झुडपं आहेत. होस्ट आईने मला पहिल्याच रविवारी तिथे नेलं आणि मी तिला मोबाईलवर आमच्या बागेतला पूल दाखवला, तर तिने तो फोटो आजीला, शेजारणीला, तिकीट खिडकीवरच्या काकूंना, सगळ्यांना दाखवला.

शाळेबद्दल सांगायचं तर मी मनापासून पाच स्टार देईन. आत शिरलं की आधी चपलांच्या कपाटांची रांग, तिथे बाहेरचे बूट काढून आतले पांढरे कॅनव्हासचे शूज घालायचे, त्यांच्या पुढच्या पट्टीचा रंग वर्षाप्रमाणे वेगळा त्यामुळे सीनियर कोण ज्युनियर कोण पायाकडे बघून कळतं. वर्गात चाळीसेक मुलं, पन्नास-पन्नास मिनिटांचे तास, मास्तर येतात-जातात आणि मुलं आपल्याच वर्गात, म्हणजे हे सगळं आपल्यासारखंच. वेगळं काय तर शेवटचा तास झाला की सगळ्यांनी बाकं मागे सरकवून वर्ग, जिना, संडास साफ करायचे. शिपाई नाही का तर आहे, पण तो नळ आणि दिवे दुरुस्त करतो, केर मुलंच काढतात. माझ्या गटाकडे जिना होता. ओल्या फडक्याने प्रत्येक पायरीचा कोपरा पुसायचा, वरून खाली यायचं, आणि क्लास टीचर स्वतः बाही वर करून आमच्या बाजूला पुसत असायचे. कोणी तोंड वाकडं करत नाही कारण पहिलीपासून तेच करत आलेत. पुण्यात परत आल्यावर शाळा-कॉलेजातले जिने बघून मला जे वाटतं ते इथे लिहीत बसत नाही.

अभ्यासाचं खरं सांगते म्हणजे पालकांनी चुकीची अपेक्षा ठेवायला नको. जाताना माझी जपानी एन-फोर लेव्हलची (जपानी भाषेच्या परीक्षेतली खालून दुसरी पायरी) होती, पुण्यात क्लास लावून केलेली. त्यात दुकानात काम भागतं, इतिहासाचा तास नाही समजत. जुन्या जपानी साहित्याचा तास तर पहिले काही महिने डोक्यावरून गेला. गणितात मात्र आपली मुलं टिकतात, चिन्हं तीच असतात, आणि इंग्लिशच्या तासाला सर मला धडा वाचायला उभं करायचे. शाळेने माझ्यासाठी आठवड्यातले काही तास लायब्ररीत बसून जपानी शिकायला मोकळे ठेवले होते, ही सोय सगळीकडे नसते, आधी विचारून घ्या, कारण वर्गात नुसतं बसून सहा तास न कळणारी भाषा ऐकणं याने चांगली हुशार पोरं खचून जातात. मी दोन अशी मुलं पाहिली, एक थायलंडची आणि एक इटलीची, दोघांच्या शाळांनी त्यांना मागच्या बाकावर बसवून सोडून दिलं होतं.

आता युनिफॉर्म. ओकायामाचा कोजिमा हा भाग जीन्ससाठी प्रसिद्ध आहे आणि शाळेच्या युनिफॉर्मच्या उत्पादनात हा जिल्हा जपानात सगळ्यात पुढे, त्यामुळे मला वाटलं होतं इथे स्वस्त मिळेल. अजिबात नाही. ब्लेझर, स्कर्ट, स्वेटर, पीटीचे कपडे, आतले शूज, पीटीचे वेगळे शूज, असं सगळं नवं घेतलं तर घरच्यांचे डोळे पांढरे होतात. पण शाळेकडे पास झालेल्या मुलांनी ठेवून गेलेले कपडे असतात, क्लास टीचरना सांगा, ते लाजत नाहीत आणि तुम्हीही लाजू नका. माझ्या ब्लेझरच्या आतल्या खिशाखाली आधीच्या मुलीचं नाव दोऱ्याने विणलेलं होतं, मी ते तसंच ठेवलं.

गेल्या गेल्या शाळेत बुन्कासाई होता, म्हणजे आपलं गॅदरिंग म्हणा पण वर्गावर्गाने काहीतरी उभं करायचं. आमच्या वर्गाने भुताचं घर केलं होतं, पुठ्ठे आणि काळं प्लॅस्टिक लावून खिडक्या बंद केलेल्या. मला भाषा येत नव्हती पण सेलोटेप लावता येत होता, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात त्या बंद खोलीत घामाघूम होऊन पुठ्ठे चिकटवताना ज्या चार मुली ओळखीच्या झाल्या त्याच शेवटपर्यंत मैत्रिणी राहिल्या. म्हणून तारखा निवडायला मिळत असतील तर ऑगस्टअखेर पोचणं चांगलं. एप्रिलमध्ये त्यांचं शैक्षणिक वर्ष सुरू होतं तेव्हा गेलं तर सगळेच एकमेकांना नवखे असतात, त्याचाही फायदा आहे म्हणा, पण आपल्या दहावीच्या निकालाचं आणि त्याचं गणित बसत नाही.

आणि क्लब! हे सगळ्यात महत्त्वाचं. जपानी हायस्कूलमधलं अर्धं आयुष्य शाळा सुटल्यावर बुकात्सुमध्ये, म्हणजे शाळेच्याच खेळ-कलांच्या क्लबमध्ये असतं. एक्स्चेंजची बरीच मुलं क्लब घेत नाहीत, दमतो म्हणतात, घरी येऊन मोबाईलवर घरच्यांशी बोलत बसतात, आणि मग म्हणतात जपानी मुलं मिसळत नाहीत. अहो ती मुलं तिकडे क्लबात असतात, तुम्ही घरी, मिसळणार कधी. मी क्यूदो घेतलं, जपानी तिरंदाजी. धनुष्य माझ्यापेक्षा कितीतरी उंच, दोन मीटरच्या वर, आणि पकडायची जागा मधोमध नाही तर खालच्या बाजूला. सगळा ऑटम फक्त रबर ताणायचा होता. एका लाकडी मुठीला बांधलेलं रबर. पाय कसे टाकायचे, खांदा कुठे ठेवायचा, श्वास कधी सोडायचा, अशा आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्या अंगात भिनल्याशिवाय बाण हातात देत नाहीत. मग थंडीत दोन पावलांवरून पेंढ्याच्या जाड गुंडाळीत बाण मारायचे. उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा ग्लोव्ह, त्याचा अंगठा इतका कडक की पेनसुद्धा धरता येत नाही. खऱ्या निशाण्यावर, म्हणजे २८ मीटरवरच्या ३६ सेंटीमीटरच्या चकतीवर, मला मारायला मिळालं ते वसंतात.

पण त्या मधल्या काळात मी रिकामी नव्हते. निशाण्यामागे वाळूचा उतार असतो, तो रोज पाणी मारून थापून सारखा करायचा, बाण गोळा करून फडक्याने पुसायचे, हॉलची लाकडी जमीन पुसायची. ही कामं करताना सीनियर मुली माझ्याशी बोलायच्या, हळू, सोप्या शब्दात, चूक झाली की लगेच सुधारून. माझं जपानी वर्गात नाही तिथे सुधारलं. माझा पहिला बाण चकतीला लागला तेव्हा मागून सगळा क्लब एका आवाजात ओरडला, तशी त्यांची पद्धतच आहे कोणाचाही लागला की ओरडायची, पण माझ्या वेळी कॅप्टन रडली. मीही रडले. जायचा निर्णय योग्य होता की नाही हा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी संपला.

प्राथमिक शाळेतही जायला मिळतं, एक्स्चेंजच्या मुलांना भारताबद्दल सांगायला बोलावतात. तिथलं जेवण जरूर बघा. मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून किचनमधून मोठी भांडी वर्गात आणतात, एकमेकांना वाढतात, सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कोणी चॉपस्टिक उचलत नाही, आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते अन्न खाऊन बघतात, तसा नियमच आहे. मी मुलांची नावं फळ्यावर देवनागरीत लिहून दिली तर मधल्या सुट्टीत वह्या घेऊन रांग लागली, एका मुलाला त्याच्या कुत्र्याचं पण नाव हवं होतं.

आता तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहून उपयोग नाही.

पहिली तक्रार खाण्याची. मी शाकाहारी, अंडं चालतं. फॉर्मवर मी स्पष्ट लिहिलं होतं मांस नाही, मासे नाही, तरी पुढे पोचेपर्यंत त्याचं फक्त मांस नाही एवढंच झालं आणि पहिल्या घरी पहिल्या रात्री प्रेमाने मासा वाढला. बिचाऱ्या त्या माउलीची काहीच चूक नव्हती, तिला जे कागदावर मिळालं ते तिने केलं. खरा प्रॉब्लेम दिसणाऱ्या माशाचा नसतोच, तो दाशीचा असतो. दाशी म्हणजे सूपचं पाणी, ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या पापड्यांचं असतं आणि ते मिसो सूपपासून उकडलेल्या पालकापर्यंत सगळ्यात पडतं. बाजारच्या करीच्या वड्यांतही बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते, तेव्हा करी दिसली म्हणून खुश होऊन ताट पुढे करू नका. माझ्या दुसऱ्या होस्ट आईने माझ्यासाठी कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी करायला सुरुवात केली आणि मग घरात सगळ्यांसाठीच ती व्हायला लागली. डब्यात रोज उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे, गोडसर अंड्याची गुंडाळी, भोपळा, एडामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. मला जन्मभर पुरेल इतकं प्रेम त्या डब्यात होतं. पण घरात कांदा-लसूणही चालत नसेल, किंवा अंडंही नको असेल, तर मी स्पष्ट सांगते की जपान अवघड आहे, मुलाचे हाल होतील, दुसरा देश बघा. जाणार असाल तर काय चालत नाही ते जपानीत लिहिलेलं कार्ड करून घ्या, त्यात दाशीचं नाव घेऊन लिहा, आणि ते फॉर्मसोबत पाठवा, स्वतःजवळही ठेवा.

दुसरी तक्रार कोऑर्डिनेटरची, म्हणजे तिथे माझ्याकडे लक्ष ठेवायला संस्थेने नेमलेल्या व्हॉलंटियरची, आणि इथेच मी स्टार कापते. पहिलं घर शाळेपासून फार लांब होतं, एक ट्रेन, मग बस, क्लब करून घरी पोचायला अंधार व्हायचा, आणि घरात दोघंही नोकरी करणारे, रात्री उशिरा येणारे. माणसं चांगली होती पण मी एकटी पडत होते. मी कोऑर्डिनेटरना मेसेज केले, उत्तर यायचं थोडं सहन कर, सगळ्यांना सुरुवातीला असंच होतं. काही आठवडे असेच गेले. शेवटी क्लास टीचरनी स्वतः फोन लावला तेव्हा चक्रं फिरली आणि घर बदललं. नंतर माझ्यासाठी जी दुसरी व्हॉलंटियर नेमली ती साठीच्या पुढची, दर महिन्याला मला कॉफी प्यायला घेऊन जायची आणि होस्ट फॅमिलीसमोर नाही तर एकटीला विचारायची, झोप लागते का, पोटभर खातेस का. संस्था तीच, गाव तेच, आणि जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून इंटरव्ह्यूला गेलात की फक्त ते तुम्हाला प्रश्न विचारणार असं समजू नका, तुम्हीही विचारा. कोऑर्डिनेटर किती लांब राहतो, महिन्यातून किती वेळा भेटतो, घर बदलायचं ठरलं तर कोण ठरवतं, मधल्या काळात मूल कुठे राहतं. उत्तरं गोलगोल आली तर काय समजायचं ते समजा. आणि तिथून नुकतंच परत आलेलं मूल गाठून त्याच्याशी बोला, आईवडिलांशी नाही, मुलाशी.

थंडीबद्दल थोडक्यात. ओकायामात बर्फ फारसं पडत नाही पण जपानी घरं आतून गार असतात, एका खोलीत हीटर आणि पॅसेजमध्ये कुडकुडणं. स्कर्टच्या आत घालायला जाड टाइट्स तिथेच घ्या, इथून नेलेलं थर्मल कमी पडतं. आंघोळीचं पण शिकवून पाठवा, बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मगच टबात बसायचं, तेच गरम पाणी घरातले सगळे वापरतात, नंतर ते सोडून द्यायचं नाही.

पैशांचं सांगायचं तर फीचा आकडा दर संस्थेचा वेगळा, पण फीच्या बाहेर काय काय येतं हे कोणी नीट सांगत नाही. होस्ट फॅमिलीला या प्रोग्राममध्ये पैसे मिळत नाहीत, ते हौसेने ठेवून घेतात, त्यामुळे राहणं-जेवण सुटतं, पण ट्रेनचा पास (विद्यार्थ्यांना बराच स्वस्त पडतो), क्लबची वर्गणी, वर्गाची सहल, फोन, हे सगळं आपलं. सध्या १०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा. पार्टटाइम नोकरी एक्स्चेंजच्या मुलांना करता येत नाही, तिथे कमवेल असं मनात असेल तर काढून टाका.

आणि अकरावीचं. तिथल्या वर्षाचं सर्टिफिकेट मिळतं पण ते धरून आपल्याकडे थेट बारावीत बसता येईल असं समजू नका. मी परत येऊन अकरावीला पहिल्यापासून ॲडमिशन घेतली, माझ्या बरोबरच्या मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या. नातेवाइकांनी वर्ष वाया गेलं म्हणून आईचं डोकं खाल्लं होतं. मला तसं एक दिवसही वाटलं नाही, पण ज्यांच्या घरात जेईई-नीटचं वेळापत्रक आठवीपासून भिंतीवर लागलंय त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. जाण्याआधी कॉलेजमध्ये भेटा, दहावीच्या मार्कशीट आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती काढून घरी ठेवा, ॲडमिशनच्या ऑनलाइन फॉर्मच्या तारखांवर घरातल्या एकाने लक्ष ठेवायचं, कारण त्या वेळी मूल तिकडे निरोपसमारंभात असतं. ज्यांना वर्ष घालवायचंच नाही त्यांच्यासाठी उन्हाळ्यातले काही आठवड्यांचे प्रोग्राम असतात, शाळा दिसते, घर दिसतं, पण बाण हातात यायच्या आधीच परत यावं लागतं.

शेवटचं एक. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात बाहेरची मुलं ठेवून घ्यायला घरं कमी पडतात. आम्ही मी आल्यानंतर जपानच्याच एका मुलीला ठेवून घेतलं, तिला पोहे आवडायचे आणि वरणभात तूप घालून दोन वेळा घ्यायची, तिखट मात्र नको. घरात कोणी एक्स्चेंजला गेलेलं असायलाच हवं असं काही नाही, एक जास्तीचा पलंग आणि संध्याकाळी तिच्याशी बोलायला घरात कोणीतरी, एवढं असेल तर जवळच्या रोटरी क्लबमध्ये किंवा एएफएसच्या लोकांकडे जाऊन सांगा. शाळा साधारण जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे मार्चपर्यंत कळवलं तर त्यांना घर बघायला आणि तुम्हाला त्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्यायला वेळ मिळतो.